एकवीस हजारांची भिंत

चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात काम करणाऱ्या प्रत्येक पोराला २१,००० हा आकडा पाठ असतो. महिन्याचा पगार त्याच्या आत असेल तर ईएसआयसीचं कार्ड मिळतं, बाहेर गेला की नाही. म्हणजे कारखान्याच्या जगात महिन्याला एकवीस हजार मिळवणारा माणूस कमी पगाराचा धरला जातो आणि त्याच्या दवाखान्याची सोय कायद्याने करावी लागते. बरोबरच आहे.

आता त्याच पोराच्या आजीचा अर्ज घेऊन तहसील कचेरीत जा. तिथेही तोच आकडा भेटतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना या दोन्हींसाठी उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. फरक एवढाच की ही मर्यादा महिन्याची नाही, वर्षाची आहे. आणि एका माणसाची नाही, सगळ्या कुटुंबाची आहे.

भागाकार करून पाहा. महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला साधारण ५८. रोजगार हमीवर २०२५-२६ साठी महाराष्ट्रात ठरलेली मजुरी ३१२ रुपये होती. कुटुंबातल्या एकाने वर्षात फक्त ६८ दिवस रोहयोवर माती उचलली, तर २१,२१६ रुपये होतात आणि घरातली म्हातारी अपात्र ठरते. सरकारने कायद्याने दिलेली कामाची हमी पूर्ण वापरली, तर सरकारचीच पेन्शन जाते.

दोस्तांनो, या अंकाचं संपादकीय मी या आकड्यावर लिहितोय, कारण गेले काही महिने हा आकडा माझी पाठ सोडत नाही.

आम्ही काही जण रविवारी मस्जिदीच्या आवारात कागदपत्रांच्या मदतीसाठी टेबल लावतो. एक चाचा आले. वय ६८. आयुष्य फोर्जिंगच्या कारखान्यात गेलं, कानाला आता कमी ऐकू येतं, उजव्या हाताच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्यात की मशीन अंगठा घेत नाही. बायको वारली, मुली आपापल्या घरी. भाड्याच्या एका खोलीत एकटे राहतात. उत्पन्न काय, तर ईपीएसची पेन्शन, महिन्याला १,८५० रुपये. मी मोबाईलवर हिशेब केला. वर्षाचे २२,२००. मर्यादेपेक्षा १,२०० रुपयांनी जास्त.

टेबलाजवळ उभ्या असलेल्या एकाने सल्ला दिला, "चाचा, वीस हजार लिहा. सगळे तेच लिहितात. कोण बघतंय?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. मी पेन उघडलंही होतं. चाचांनी अर्ज माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "बेटा, चाळीस साल पसीना बहाया. अब इस उमर में झूठ पे सही नै करता मैं."

ते निघून गेले. मला वाईट वाटलं ते त्यांना पैसे मिळणार नाहीत म्हणून, आणि त्याहून जास्त माझं पेन उघडं होतं म्हणून.

ही मर्यादा जेवढे अर्जदार गाळते, त्याहून जास्त अर्जदारांना खोटं बोलायला लावते. वर्षाला २१,००० रुपयांत पिंपरी-चिंचवडमध्ये कुठलंही कुटुंब जगू शकत नाही. काळेवाडीत एका खोलीचं भाडंसुद्धा त्यात निघत नाही. हे अर्जदाराला माहीत असतं, सेतू केंद्रावर टाईप करणाऱ्याला माहीत असतं, दाखल्यावर सही करणाऱ्यालाही माहीत असतं. तरीही तो दाखला बनतो, कारण तो बनल्याशिवाय योजना चालणारच नाही. जो मुकाट्याने खोटं लिहितो, त्याला पेन्शन मिळते. पण त्या दिवसापासून तो कायमचा मिंधा होतो. उद्या कोणी तक्रार केली, पडताळणी निघाली, वॉर्डातल्या कुणाशी बिनसलं, तर आपला दाखला खोटा आहे हे त्याला ठाऊक असतं. आणि जो चाचांसारखा खरं बोलतो, तो रांगेतूनच बाहेर जातो.

रक्कम वाढत गेली आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०१९ मध्ये अनुदान ६०० वरून १,००० झालं, २०२३ मध्ये १,५०० झालं. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ते २,५०० झालं. दिव्यांगांची उत्पन्न मर्यादाही वेगळी, ५०,००० रुपयांची आहे. पण बाकीच्यांसाठी रक्कम अडीच पट झाली तरी २१,००० ची भिंत हलली नाही. वाढीव पैशाची बातमी होते, फ्लेक्स लागतात. भिंत हलवली तर हजारो नवे लोक आत येतील आणि त्यांचा खर्च कायमचा मागे लागेल. म्हणून ताटातलं वाढवायचं, पण दार किलकिलंच ठेवायचं, असा हा हिशेब आहे.

आणि दार उघडता येत नाही, असंही नाही. हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. रक्कम तीच, १,५०० रुपये. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीसुद्धा गरज नव्हती. अंगणवाडी सेविका गल्लोगल्ली अर्ज भरून घेत होत्या, मोबाईल ॲपवर फोटो काढून काम होत होतं. ऑगस्टमध्ये पैसे यायला लागले आणि विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत नोव्हेंबरपर्यंतचे मिळून ७,५०० रुपये खात्यावर जमा झाले. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी आया-बहिणींच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा पैसा आला. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. घरात न विचारता औषध आणू शकणाऱ्या बाईचा चेहरा ज्याने पाहिलाय, तो विरोधात असूच शकत नाही.

पण त्या योजनेने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. सरकारने मनावर घेतलं, तर दोन-तीन महिन्यांत दोन कोटींहून जास्त लोकांपर्यंत पैसा पोहोचवता येतो. दाखल्यांचं जंगल, समितीची बैठक, 'पुढच्या महिन्यात या', हे सगळं टाळता येतं. मग जी बाई निराधार आहे, जो माणूस चालू शकत नाही, त्यांच्याचसाठी हे का टाळता आलं नाही?

आता पासष्टाव्या वर्षाचं पाहू. लाडकी बहीण २१ ते ६५ या वयासाठी आहे. श्रावणबाळ ६५ च्या पुढे आहे. कागदावर ही सांधेजोड छान दिसते, एक संपते तिथे दुसरी सुरू होते. पण मध्ये ती भिंत आहे. समजा चिखलीतल्या एका खालांचा मुलगा चाकणच्या कंपनीत कंत्राटावर आहे आणि महिन्याला पंधरा हजार आणतो. वर्षाचे १ लाख ८० हजार. खाला ६४ वर्षांच्या असताना त्यांना दरमहा १,५०० मिळतात, कारण मर्यादा अडीच लाख आहे. त्या ६५ ओलांडतात आणि मर्यादा एकदम २१,००० होते. पैसे बंद. गुडघे गेले, मोतीबिंदू वाढला, हातातलं शिवणकाम सुटलं, नेमक्या त्या वर्षी सरकार त्यांना सांगतं की आता तुम्ही गरीब नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी पाच लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर केलं, त्यात १ लाख १० हजार जणी फक्त वय ६५ च्या वर आहे म्हणून होत्या. त्यातल्या किती जणींना श्रावणबाळचं दार उघडलं, हे कोणी जाहीर केल्याचं माझ्या तरी पाहण्यात आलं नाही.

त्याच यादीत २ लाख ३० हजार महिला संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. नियम असा की एका योजनेचे १,५०० मिळत असतील तर दुसऱ्या योजनेचे नाहीत. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याचा अर्थ नीट पाहा. जिच्या घरात महिन्याला वीस हजार येतात तिलाही १,५००, आणि जिला सरकारनेच निराधार म्हणून शिक्का मारून दिला, तिलाही तेवढेच. निराधार असण्याचा वेगळा खर्च सरकारच्या हिशेबात शून्य.

गंमत बघा, ६५ वर्षांवरच्यांसाठी सरकारचीच आणखी एक योजना आहे, मुख्यमंत्री वयोश्री. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यासाठी एकदाच ३,००० रुपये. तिची उत्पन्न मर्यादा दोन लाख. म्हणजे एकदाच मिळणाऱ्या पैशासाठी दोन लाखांपर्यंत गरीब, निवडणुकीआधी आलेल्या योजनेसाठी अडीच लाखांपर्यंत गरीब, आणि मरेपर्यंत दरमहा मिळायच्या पैशासाठी फक्त एकवीस हजारांपर्यंत गरीब. एकाच राज्यात गरिबीच्या तीन व्याख्या. जी व्याख्या सरकारला जास्त काळ बांधून ठेवते, तीच सगळ्यात अरुंद आहे. हे चुकून झालेलं नाही.

याला मी अंमलबजावणीचं राजकारण म्हणतो. योजना आणायची की नाही, यावर भांडण फारसं होत नाही. सगळे पक्ष आणतात. खरं राजकारण पुढे असतं. कोणती योजना रांगेत पुढे घ्यायची, कुणाचा हप्ता तारखेला टाकायचा, कुणाचा अर्ज कुणाच्या सहीवर अडवायचा, हे सगळं तिथे ठरतं.

समितीचंच घ्या. निराधार आणि श्रावणबाळच्या अर्जांवर निर्णय घेणाऱ्या तालुका पातळीवरच्या समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो, त्याची नेमणूक पालकमंत्री करतात; तहसीलदार सदस्य-सचिव असतात. कल्पना वाईट नव्हती, लोकांचा माणूस असावा म्हणून ती आली. पण प्रत्यक्षात सत्ता बदलली की समिती बदलते. नवी नेमणूक म्हणजे कार्यकर्त्याची सोय. आणि अर्जदाराच्या डोक्यात एकच गोष्ट बसते, की पेन्शन हवी तर अमुक भाऊंच्या ऑफिसला चक्कर मारली पाहिजे. कायद्याने जे मिळायला हवं ते भाऊंमुळे मिळालं, असं वाटायला लागतं. आपल्या वस्त्यांमध्ये हे दुप्पट होतं, कारण भाऊंच्या आणि आपल्या मध्ये आपल्यातलाच एक 'सोशल वर्कर' उभा असतो आणि तो बऱ्याचदा पहिल्या हप्त्यातलं पाकीट मागतो.

त्यात आपला पट्टा कारभारासाठी तुकड्यांत विभागलेला. भोसरी, चिखली महापालिकेत. त्यांचं काम पिंपरी-चिंचवडच्या अपर तहसीलदारांकडे. चाकण, म्हाळुंगे, कुरुळी खेड तालुक्यात. त्यांना राजगुरुनगर गाठावं लागतं. कामगार मात्र या रेषा पाहून खोली घेत नाही. आज चिखलीत, उद्या कुरुळीत. जिथे भाडं परवडेल तिथे. प्रत्येक बदलीत आईवडिलांच्या अर्जाची फाईल मागे राहते. महापालिकेत तर मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. जवळपास चार वर्षं दाद मागायला घराजवळ निवडून आलेला माणूस नव्हता.

आश्वासनांची गोष्टही आठवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीच्या दहा वचनांत लाडक्या बहिणीला २,१०० हे वचन होतं. ते सगळ्यांना आठवतं, विरोधकही रोज त्याची आठवण करून देतात. त्याच यादीत वृद्धांचं निवृत्तिवेतन १,५०० वरून २,१०० करण्याचंही वचन होतं. ते कुणाला आठवतं? मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात दोन्ही वाढी आल्या नाहीत. आरडाओरडा एकीचाच झाला. मे २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या हप्त्यांसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी वळवले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट जाहीरपणे नाराज झाले. निराधार आणि श्रावणबाळ योजना याच विभागाकडे आहेत, हे लक्षात घ्या. जे खातं सगळ्यात दुबळ्यांसाठी आहे, हात आधी तिथेच गेला.

दिव्यांगांनी मात्र एक गोष्ट दाखवून दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ प्रमाणे सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांची रक्कम इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. महाराष्ट्रात कित्येक वर्षं ती तेवढीच होती. कायदा कपाटात होता. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं. दिव्यांगांना सहा हजार द्या, ही त्यातली एक मागणी होती. सहा हजार हा आकडा हवेतला नव्हता. आंध्र प्रदेश जुलै २०२४ पासून दिव्यांगांना ६,००० आणि वृद्धांना ४,००० देतं, तेही महिन्याच्या सुरुवातीला घरपोच. मोझरीनंतर काही महिन्यांत आपल्याकडे १,५०० चे २,५०० झाले. मागितलेल्याच्या अर्ध्यालाही ते कमी आहेत, पण कायद्याच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त आहेत. रस्त्यावर आलेल्यांचं सरकारला ऐकावं लागलं.

वृद्धांची अशी संघटना नाही. आमच्या चाचांना मोझरीपर्यंत जाता येत नाही. आणि दिव्यांगांमध्येही प्रेसवर बोटं गमावलेला कंत्राटी कामगार ४० टक्क्यांच्या अटीत बऱ्याचदा बसत नाही. दोन बोटं गेलेला माणूस कागदावर धडधाकट असतो, पण त्याला मशीनवर परत कोणी घेत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल.

आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना काही अडचणी सगळ्यांसारख्याच आहेत, काही आपल्या खास आहेत. पहिली नावाची. रेशनकार्डावर रजियाबी, आधारवर रजिया बेगम, बँकेत शेख रजिया महेबूब. २०२४ च्या अखेरीपासून निराधार आणि श्रावणबाळचे पैसे डीबीटीने थेट आधार-जोडलेल्या खात्यात जायला लागले. मध्यस्थ कमी झाले, हे चांगलंच. पण ज्या रजिया खालांची तीन नावं आहेत, त्यांचा पैसा तीन कागदांच्या मध्ये अडकतो.

दुसरी जन्मतारखेची. शाळेत गेलेल्यांचा वाढदिवस १ जून, न गेलेल्यांचा आधारवर १ जानेवारी. त्यात २०२५ च्या सुरुवातीला राज्यात उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांची चौकशी सुरू झाली, नियम कडक झाले आणि आपल्या म्हाताऱ्यांच्या मनात भीती बसली. "नको बाबा ते कागद, उगाच कुणी बांगलादेशी म्हणेल" असं सांगून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून हे लक्षात ठेवा: या योजनांसाठी जन्मदाखला हा एकमेव पुरावा नाही. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड किंवा मतदार यादीतलं वय, अथवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी दिलेला वयाचा दाखलाही चालतो. भीतीपोटी हक सोडू नका.

तिसरी पत्त्याची. या योजनांसाठी महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. लातूर, सोलापूर, नांदेडहून आलेल्यांचं निभावतं. बिदर-कलबुर्गीहून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्यांचं अवघड होतं, कारण तीस वर्षं राहूनही भाडेकरार कधी झालेला नसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामं, शेड, लहान कारखाने अशी हजारो बांधकामं पाडली. त्या कारवाईवर वेगळं लिहावं लागेल. इथे एवढंच सांगतो, की बुलडोझर गेल्यावर पत्राही वेचता येतो, पण पत्ता वेचता येत नाही. ज्या घरात म्हातारी माणसं होती, त्यांचा १५ वर्षांचा पुरावा त्या ढिगाऱ्यात गेला.

आणि चौथी अडचण आपली आपणच तयार केलेली आहे. मुलगा कमावता असेल तर आईवडिलांचा अर्ज भरणं कमीपणाचं वाटतं. "लोक म्हणतील, पोरगा सांभाळत नाही." दुसरीकडे रमजानमध्ये आपण रेशन किट वाटतो, किट घेणाऱ्या म्हातारीला कॅमेऱ्यासमोर उभं करतो आणि फोटो ग्रुपवर टाकतो. भाऊंच्या फ्लेक्समध्ये आणि आपल्या त्या फोटोत काय फरक आहे? दोन्हीकडे घेणारा लहान आणि देणारा मोठा. जकात ही देणाऱ्याची मेहेरबानी नाही, आपल्या मालातला तो गरिबाचा ठरलेला हिस्सा आहे, हे आपण लहानपणापासून शिकतो. मग पेन्शनकडे बघताना हेच का आठवत नाही?

इमाम अबू यूसुफ यांच्या किताबुल खराजमध्ये हजरत उमर यांचा एक किस्सा येतो. दारोदार मागणारा एक म्हातारा, अंध यहुदी माणूस त्यांना दिसतो. मागण्याची वेळ का आली विचारल्यावर तो सांगतो: वय, गरज आणि जिझिया. उमर त्याला घरी नेऊन काही देतात आणि बैतुलमालच्या माणसाला बोलावून सांगतात की याचा आणि याच्यासारख्यांचा कर माफ करा आणि यांना खजिन्यातून द्या. तरुणपणी यांच्याकडून घेतलं आणि म्हातारपणी यांना वाऱ्यावर सोडलं, हा इन्साफ नाही. मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, तो माणूस मुसलमान नव्हता. दोन, त्याने अर्ज केला नव्हता. खलिफाने एकाची सोय केली नाही, 'याच्यासारख्यांची' केली. याला धोरण म्हणतात.

आमच्या चाचांकडूनही तरुणपणी घेतलंच आहे. त्यांनी ठोकलेले सुटे भाग कुठल्या कुठल्या गाड्यांत फिरत असतील. या पट्ट्याची श्रीमंती त्यांच्या झिजलेल्या अंगठ्यातून आली आहे, आणि तोच अंगठा आज मशीन ओळखत नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न विचारला जाईल. विचारायलाच हवा. २०२५-२६ मध्ये लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. तिजोरीवर ताण आहे, हे खोटं नाही. पण केंद्राचाही वाटा पाहा. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयासाठी केंद्र महिन्याला २०० रुपये देतं. २००७ पासून तेवढेच. तेव्हा जन्मलेलं मूल आज मतदार झालंय, दोनशे रुपये दोनशेच आहेत. दुसरी शंका अशी असते, की दार मोठं केलं तर बोगस लोक घुसतील. घुसतात. लाडकी बहीणमध्ये चौदा हजारांवर पुरुषांनी पैसे घेतल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. त्यांना पकडा, वसूल करा. पण २१,००० च्या भिंतीने बोगस दाखले थांबवले नाहीत, उलट प्रत्येक दाखला बोगस करून ठेवला. ज्या नियमात खरं बोलणाराच अडकतो, तो नियम चोराला कसा अडवणार?

म्हणून आपली मागणी साधी असू द्या. ६५ वर्षांवरच्यांसाठी आणि निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा लाडकी बहीणएवढीच, अडीच लाख करा. ६५ पूर्ण झालेल्या लाडक्या बहिणीचं नाव नव्या अर्जाशिवाय श्रावणबाळमध्ये जाऊ द्या. तिची सगळी माहिती सरकारकडे आहेच. हप्त्याची तारीख ठरवा. आणि समितीने मंजूर-नामंजूर केलेले अर्ज, कारणांसकट, कचेरीच्या भिंतीवर लावा. यातली एकही मागणी फक्त मुसलमानांसाठी नाही. तशी ती नसावीच.

आणि आपलं काम? तुम्ही बीसीएस करता, आयटीआय करता, शिफ्टवरून येऊन रील बघता, मीही बघतो. आठवड्याचा एक तास द्या. आपल्या मस्जिदीच्या, समाजमंदिराच्या, बुद्धविहाराच्या दारात टेबल लावा. येणाऱ्याचा धर्म विचारू नका. नावांतला फरक आधी दुरुस्त करून द्या. दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याची आठवण म्हाताऱ्यांना घरी जाऊन द्या, नाहीतर जिवंत माणूस कागदावर मरतो. उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतो. मुदतीत द्यावा लागतो, नाकारला तर लेखी कारण द्यावं लागतं. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. अर्ज नामंजूर झाला तर माहितीच्या अधिकारात समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. एजंटाला द्यायच्या पैशात यातलं सगळं होऊन वर चहा होतो.

आणि कुणी खोटं उत्पन्न लिहायला सांगितलं, तर पेन बंद ठेवा. त्याऐवजी खरं उत्पन्न लिहून अर्ज भरा, नामंजूर होऊ द्या आणि ते लेखी नामंजुरीचं पत्र जपून ठेवा. एका चाचाचं असं पत्र म्हणजे रडगाणं. पण भोसरीपासून चाकणपर्यंत अशी पाचशे पत्रं जमली, प्रत्येकावर 'वार्षिक उत्पन्न २२,२०० असल्याने अपात्र' असं लिहिलेलं असलं, तर ती पालकमंत्र्यांच्या टेबलावर ठेवता येतील.

मागच्या रविवारी मी चाचांच्या खोलीवर गेलो. त्यांच्याशी बोलून अर्ज पुन्हा भरला. उत्पन्नाच्या रकान्यात २२,२०० लिहिलं. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि मग सही केली. अर्ज नामंजूर होणार, हे त्यांना माहीत आहे. आमच्या जमवाजमवीतलं ते पहिलं पत्र असेल. दुसरं तुमच्या मोहल्ल्यातून यायला हवं.